मोहाखालचा खुंट

बेहडाटोला, ता. सडक अर्जुनी
२६ फेब्रुवारी २००४

प्रिय अल्का,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. म्हणजे मला मिळायच्या आधी सगळ्या टोल्याला मिळालं. छोटेलाल पोस्टमन चौकात सायकल उभी करतो आणि ज्याचं कार्ड असेल त्याच्या नावाने हाक मारून ते मोठ्याने वाचून टाकतो. म्हाताऱ्यांना वाचता येत नाही म्हणून ही पद्धत सुरू झाली, आता ती आम्हा सातवी पास बायांनाही लागू आहे. तुझ्या सासूला मूळव्याध झाली हे मला बोरिंगवर पाणी भरताना कळलं. यापुढे निळं आंतरदेशीय लिही आणि नीट चिकटव. चिकटवलेलं तो उघडत नाही, तेवढा इमानदार आहे.

आता माझी बातमी. तुझी वहिनी वणवा पथकाची प्रमुख झाली आहे. हसू नकोस. मागच्या वर्षी आग पार आपल्या वाडीच्या कुंपणापर्यंत आली होती, आठवतं ना? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सडकेवरून गाडी येईपर्यंत जंगलात राखच उरते. म्हणून आम्ही चौदा जण उभे राहिलो, सात बाया, सात माणसं. वनखात्याने दोन शिट्ट्या आणि एक बॅटरी दिली. बाकी हिरव्या डहाळ्या, ओली पोती आणि आपले पाय. सध्या रोज सकाळी जंगलाच्या कडेने खराट्याने पाला ओढून दहा हात रुंदीची जाळरेषा काढतो. माझी पाठ मोडली आहे, पण घरात बसवत नाही. वारा सुटला की नाक आपोआप वर होतं.

पथकाचा नियम मीच मांडला. मोहाखाली पाला झाडायचा, जाळायचा नाही. फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून लोक काडी लावून मोकळे होतात, आणि तीच आग पाल्यापाल्याने जंगलात शिरते. ज्याच्या हातून आग सुटेल त्याने सगळ्या टोल्यासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्या झाडाचा त्या वर्षीचा मोह पथकाचा. आणि जो लपवेल त्याला गावाचं कुठलंही काम द्यायचं नाही.

सभेत एकटा चैतराम ढोरकी उठला. "बाई, जुना गवत जराल्याबिगर नवा कसा येईन? ढोरं का माती खातीन का?" त्याची बिडी तोंडातच होती. मी म्हटलं, चैतरामभाऊ, आधी ती विझवा. सगळे हसले. तो हसला नाही.

बाबांनी लग्नात तुला आंदण दिलेलं मोहाचं झाड यंदा कळ्यांनी भरलं आहे. त्याच्या शेजारच्या ऐनाच्या खुंटावर बसवून मी तुझ्या वेण्या घालायची, तो खुंटही अजून तसाच आहे, आतून पोकळ झालेला. लवकर ये. तुझा भाऊ रोज विचारतो.

तुझी वहिनी,
अन्नपूर्णा

—

आमगाव
४ मार्च २००४

ती. वहिनीस,
सप्रेम जयभीम.

हे घ्या निळं पत्र, डिंक लावून चिकटवलेलं. मूळव्याधीचं सासूबाईंना कळलं तर मला कच्चं खातील.

तुम्ही पथकाच्या प्रमुख झालात हे राजदीपना सांगितलं. ते म्हणाले, मग बेहडाटोल्याची आग घाबरूनच विझेल.

मी १९ तारखेला शुक्रवारी संध्याकाळी येते. रविवारी दुपारच्या बसने परत जावं लागेल, बालवाडीच्या बाई सोमवारची सुट्टी देत नाहीत. म्हणजे शनिवार-रविवार अशा दोनच सकाळी मोह मिळेल. त्यात तुमचा नियम! त्या झाडाखालचा पाला झाडायचा म्हणजे एक अख्खा दिवस जातो. आई तर काडी लावायची, चहा होईपर्यंत जमीन साफ. पण प्रमुखबाईंपुढे कोण बोलणार. खराटा तयार ठेवा.

वहिनी, खरं सांगू? इथे माझं मन लागत नाही. मिलचा आवाज, रेल्वेचा आवाज, आणि घरात एकही वस्तू अशी नाही की मी म्हणावं, ही माझी. ते एक झाड माझं आहे. वर्षातून दोन सकाळी मी त्याच्याखाली वाकते आणि त्यावर वर्ष काढते. तुम्ही म्हणाल, नणंदबाई नाटकी झाली. होऊ द्या.

भाऊला नमस्कार. चैतरामकाकांना सांगा, त्यांच्यासाठी आमगावची तंबाखू आणते, बिडी सोडा म्हणावं.

तुमची,
अल्का

—

बेहडाटोला
२४ मार्च २००४

प्रिय अल्का,

बसवर तुला हात करून मी घरी आले, हातपाय धुतले, आणि शिट्टी वाजली. रविवारी, दोन वाजायच्या सुमाराला. तू सडक अर्जुनीलाही पोहोचली नसशील.

आपल्या शेताच्या पलीकडे आग लागली. वारा असा की आम्ही जिथे डहाळी मारायचो तिथून ती उडी मारून मागे जायची. जाळरेषेवर आम्ही तिला एकदा थोपवलं, अगदी थोपवलं, आणि एक जळकी फांदी रेषेच्या या बाजूला पडली. मग बांबूत शिरली. बांबू फुटतो तेव्हा फटाक्यासारखा आवाज होतो, एकमेकींच्या हाका ऐकू येत नाहीत. आगीला पुढे पाला उरू नये म्हणून तुझा भाऊ एका कडेने समोरून उलटा जाळ लावायला गेला आणि धुरात दिसेनासा झाला. कोणीतरी त्याला ओढून बाहेर काढलं.

तो आता बरा आहे, हे आधी लिहायला हवं होतं. दोन्ही तळपाय आणि उजवा हात भाजला. दवाखान्यातून काल आणलं. महिनाभर चालणं नाही, हाताची दोन बोटं वाकतील की नाही डॉक्टर सांगत नाहीत. येऊ नकोस, तुझी सुट्टी नाही आणि आलीस तर त्याला रडायला सोबत होईल. तीन दिवस आम्ही जंगलात होतो. किती गेलं ते मोजवत नाही.

आता मुद्द्याचं. आग बांबूच्या बाजूने उठली. तिथे बिडीचं बंडल सापडलं, आणि ते कोणाचं हे पोरंटोरंही सांगतील. शनिवारी चैतराम ढोरं घेऊन त्याच अंगाला होता, तिघांनी पाहिलं. सभेत तो काय बोलला होता ते तुला लिहिलंच आहे. विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी. होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

वनखात्याच्या गार्डसाहेबांना टोल्याचा लेखी अर्ज पाहिजे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. तू अर्ज लिहून पाठव: "बेहडाटोला येथील ढोरकी चैतराम याने जाणूनबुजून आग लावली" असं. खाली आम्ही सह्या करू. तुझ्या भावाचे पाय पाहिले असतेस तर तूच आपणहून लिहिलं असतंस.

लगेच पाठव. मला झोप नाही, मला बसवत नाही.

अन्नपूर्णा

—

आमगाव
२८ मार्च २००४

ती. वहिनीस,

पत्र मिळालं. भाऊच्या हाताला सूज आहे का? त्याला जेवण कोण भरवतं? तो माझ्याबद्दल काही बोलला का? म्हणजे, माझी आठवण काढतो का?

सोबत मलम पाठवत आहे, इथल्या डॉक्टरांना विचारून घेतलं. पाय उंच ठेवायला सांगा.

वहिनी, आग बांबूतूनच उठली हे नक्की का? वारा कुठून कुठे होता? सडकेवरून जाणारे लोकही जळती बिडी टाकतात. चैतरामकाका म्हातारे आहेत, त्यांनी आपल्या तीन पिढ्यांची ढोरं राखली. मी नदीत वाहत चालले होते तेव्हा म्हशीच्या शेपटीला धरायला त्यांनीच शिकवलं होतं. जाणूनबुजून म्हणजे फार मोठा शब्द झाला.

बालवाडीचं स्नेहसंमेलन आहे, त्यामुळे अर्ज लिहायला वेळ झाला नाही. थोडं थांबलं तर चालणार नाही का?

भाऊला माझा नमस्कार सांगा. नाही, राहू द्या. सांगू नका.

अल्का

—

बेहडाटोला
१ एप्रिल २००४

अल्का,

मलम मिळालं. अर्ज मिळाला नाही. स्नेहसंमेलन! माझ्या नवऱ्याच्या पायाची साल निघून राहिली आणि तुझ्या बालवाडीत पोरं टोप्या घालून नाचत आहेत. आमगावला राहून तू शहाणी झालीस. गावचं भांडण गावाने निस्तरावं, आपले हात स्वच्छ राहावे, असंच ना? मी तुझ्या वेण्या घातल्या आहेत, तुझ्या डोक्यात काय चालतं ते मला कळतं.

तुझ्यासाठी काही थांबलेलं नाही. परवा सभा झाली. चैतरामकडची ढोरं काढून घेतली. जो तो आपली राखतो आहे. त्याचं वर्षाचं धान घरटी पायल्यांवर होतं, ते यंदा कोणी देणार नाही. तो दाराशी बसलेला असतो. त्याची बायको प्रेमिला बोरिंगवर सगळ्यात शेवटी येते, बाया निघून गेल्यावर. काल मी एकटीच होते तर पाण्याचा गुंड खाली ठेवून मला म्हणाली, "अन्नपूर्णाबाई, तो मले बी सांगून नाई राहिला. तुमीच एकडाव चांगल्यानं पुसा ना." मी माझा गुंड डोक्यावर घेतला आणि आले.

तुझा भाऊ तर जणू त्याच्याच बाजूचा आहे. अर्जाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो. घरात मीच एकटी वेडी ठरले आहे.

जयंतीच्या दिवशी, चौदा तारखेला, संध्याकाळी विहारासमोर सगळा टोला जमेल. तिथे अर्जावर सह्या होतील आणि पंधराला गार्डसाहेब त्याला घेऊन जातील. तोपर्यंत पाठव. नाही पाठवलास तर मी समजेन की मला नणंद नव्हती.

अन्नपूर्णा

—

आमगाव
५ एप्रिल २००४

ती. वहिनीस,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

आग चैतरामकाकांनी लावली नाही. मी लावली.

शनिवारी पहाटे तुम्ही सगळे झोपेत होता. मी चुलीवरची काडीपेटी घेतली आणि झाडाकडे गेले. खराटाही नेला होता, खरंच नेला होता. अर्धा तास झाडलं. पाला घोट्यापर्यंत होता आणि वरून फुलं टपटप पडत होती, पाल्यात जाऊन हरवत होती. दोनच सकाळी माझ्या, आणि त्यातली एक झाडण्यातच जाणार. मला रडू आलं. मग मनात म्हटलं, आई इतकी वर्षं करत आली, कधी काही झालं का? पाला गोल ओढला, भोवती जागा मोकळी केली आणि काडी लावली. आईसारखीच उभी राहिले, डहाळी हातात धरून. सगळं विझलं. त्यावर नाल्यातून आणून दोन लोटे पाणी ओतलं. हात लावून पाहिलं, जमीन गार होती.

फक्त ऐनाच्या खुंटाच्या बुडाशी एक बारीक धुराची रेघ होती. खुंटाला मी हात लावला नाही. मला वाटलं, जाईल. शनिवारी दिवसभर गेली असेल, रविवारी फुलं वेचताना मी तिकडे बघितलंच नाही. बघितलं नाही असं नाही, बघायचं टाळलं. तो आतून पोकळ आहे हे तुम्हीच मला लिहिलं होतं.

तुमचं २४ तारखेचं पत्र मी बालवाडीच्या पायरीवर उभी राहून वाचलं. भाऊच्या पायांचं वाचलं आणि पुढची ओळ दिसेना. त्याच पत्रात तुम्ही मला त्या म्हाताऱ्याविरुद्ध अर्ज लिहायला सांगितलं. मी खरंच कागद घेऊन बसले होते वहिनी. "चैतराम याने" इथपर्यंत लिहिलं. माझं छापल्यासारखं अक्षर मला त्या दिवशी पहिल्यांदा घाण दिसलं.

मी घाबरले होते. भाऊ मला माहेरी येऊ देणार नाही, झाड जाईल, सासरी कळेल, या सगळ्याला घाबरले. अजूनही घाबरते. पण चोर सोडून संन्याशाला फाशी होऊन राहिली आणि दोरी माझ्या हातून वळून घेताहेत, हे सहन होत नाही.

तुमचाच नियम आहे, उभं राहून सांगायचं. चौदा तारखेला मला सुट्टी आहे, पण सासूबाईंचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं आहे, मला निघता येणार नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर वाचा. आधी भाऊला वाचून दाखवा.

तुमची,
अल्का

—

बेहडाटोला
८ एप्रिल २००४

प्रिय अल्का,
सप्रेम जयभीम.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही, काळजी वाटते. टपालाचा भरवसा नाही, कधी कधी पत्रं वाटेत गहाळ होतात. मागच्या पत्रात मी रागाने बोलले ते मनावर घेऊ नकोस. उचलली जीभ लावली टाळ्याला, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

तुझ्या भावाच्या पायावर नवी कातडी धरते आहे. सासूबाईंच्या ऑपरेशनकडे लक्ष दे, त्यांची सेवा कर. अर्जाची तसदी घेऊ नकोस, मी रीनाकडून लिहून घेते, दहावीत आहे, तिचंही अक्षर चांगलं आहे.

इथे ऊन असं आहे की दोन लोटे पाणी ओतलं तरी खुंट आतून पेटलेलाच राहतो. यात कुणाचा काय दोष? काही गोष्टी झाकून ठेवाव्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीबाळींनी जपून राहावं, माहेर एकदा तुटलं की जोडता येत नाही.

जास्त लिहीत नाही.

तुझी वहिनी,
अन्नपूर्णा

—

(पोस्टकार्ड)

आमगाव, १० एप्रिल २००४

श्री. भोजराज व सौ. अन्नपूर्णा रामटेके, आणि सगळा टोला,
मु. बेहडाटोला

वहिनी, माझं पत्र मिळालं नाही म्हणता, पण सासूबाईंचं ऑपरेशन आणि दोन लोटे पाणी मी त्याच पत्रात लिहिलं होतं. म्हणून आता हे कार्ड.

छोटेलालभाऊ, चौकात उभे राहून मोठ्याने वाचा. २० मार्चला माझ्या मोहाखालचा पाला मी जाळला. खुंट धुमसत राहिला, त्याची आग झाली. भाऊचे पाय माझ्यामुळे भाजले. चैतरामकाकांचा काही दोष नाही. यंदाचा मोह पथकाचा. मी उभं राहायला येते, तोपर्यंत हे कार्ड उभं आहे असं समजा.

अल्का

—

बेहडाटोला
१६ एप्रिल २००४

अल्का,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. मी बोरिंगवर होते. छोटेलालने नेहमीसारखी माझ्या नावाने हाक मारली, हसत वाचायला लागला आणि दुसऱ्या ओळीला त्याचं हसू गेलं. तो थांबला. म्हणाला, "वहिनीबाई, हे तुमीच वाचून घ्या." मी हात पुढे केला. मी ते घेणारच होते, अल्का. घेऊन पदराला बांधलं असतं आणि सासूच्या मूळव्याधीचं काहीतरी सांगितलं असतं. तेवढ्यात चैतराम दारातून उठून आला. त्याला वाचता येत नाही. पण त्याने माझं तोंड पाहिलं असावं. म्हणाला, "छोटेलाल, नेम हाये त नेम हाये. वाच."

छोटेलालने वाचलं. सगळं. कोणी पाणी भरेना, बोरिंगचा दांडा धरून बाया उभ्याच. चैतराम म्हणाला, "आकीन एकडाव वाच." दुसऱ्यांदा वाचलं.

मग त्याने जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. "शनवारी मी धूर पायलो होतो. जाऊन पायतो त पोरगी पाला जारून गेली, खुंट धुमसून राहिला. मी पानी टाकलो, माती टाकलो, लय वेळ बसलो. तठीच माजा बंडल पडला असंन. मले वाटला, बुजला."

मी विचारलं, "मंग सांगितला काऊन नाई?"

तो म्हणाला, "गावची पोरगी. दोन दिवस माहेरी येते. तिचा नाव मी कसा घेऊ? आन मले पुसला कोन? तुमी सांगत गेल्या, मी आयकत गेलो."

घरी आले. तुझ्या भावाला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याने तोंड फिरवलं. म्हणाला, बांबूतून मला कोणी ओढलं ते तुला कोणी सांगितलंच नाही ना? चैतरामने. खांद्यावर घेतलं होतं, त्याच्या डोक्याचे केस जळले, म्हणून तो तेव्हापासून टॉवेल बांधून असतो. मी म्हटलं, मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत? तर म्हणतो, चैतरामनेच गळ घातली होती. "भोजराज, तू बोललास त ते पुसतीन मी तठी काऊन होतो. मंग पोरीचा नाव येईन." तुला शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तो रडला. रडून झाल्यावर म्हणाला, तिला सांग, पाय बरे आहेत. झाड तिचंच आहे.

जयंतीला विहारासमोर अर्ज फाडला. ढोरं गुरुवारपासून पुन्हा चैतरामकडे. सकाळी त्याने घराघरासमोर हाक दिली, नेहमीसारखीच, आणि बायांनी दावी सोडली. प्रेमिला सगळ्यांच्या आधी पाण्यावर आली.

आता माझं ऐक. कार्डामुळे सगळे म्हणतात, अल्काने चूक केली पण मोठ्या मनाने सांगितली, आणि बिचारी अन्नपूर्णा फसली. मी तीन दिवस ऐकून घेतलं. आणखी एक दिवस ऐकलं तर मी ते खरं मानायला लागेन.

मी फसले नाही. शनिवारी चुलीवर काडीपेटी नव्हती, रविवारी होती. सोमवारी आग अजून पलीकडे चालू असताना मी एकटी तुझ्या झाडाकडे गेले. मोहाखालचा काळा गोल पाहिला. खुंट राख झालेला. तिथेच, खुंटापाशी, एका बाजूने काळं पडलेलं ते बिडीचं बंडल होतं. बांबूत नव्हतं. मी खराट्याने पाला ओढून तो काळा गोल झाकला, बंडल कनवटीला लावलं आणि संध्याकाळी सभेत म्हणाले, हे बांबूत सापडलं. तुला वाचवायला, असं मी स्वतःला सांगितलं. पण आग आपल्याच घरातून निघाली आणि पथकाची प्रमुख आपल्याच घरात, लोक काय म्हणतील, तेही होतंच. आपलेच दात, आपलेच ओठ. तिसऱ्याचा गळा धरणं सोपं होतं. म्हातारा गप्प राहिला तेव्हा मला बरंच वाटलं.

आणि सगळं माहीत असून मी अर्ज तुलाच लिहायला का सांगितला? रोज विचार करते. तू नाही म्हणावंस आणि मला थांबवावंस म्हणून? की तूही माझ्यासारखीच व्हावीस, म्हणजे मी एकटी उरणार नाही म्हणून? मला कळत नाही. तू पत्र लिहिलंस तेव्हा मला तुझा राग आला होता, एवढं खरं आहे. ते पत्र मी चुलीत टाकलं.

सासूबाईंना बरं वाटलं की ये. तुझ्यासोबत उभं राहावं म्हणून मी थांबणार होते. पण दोन दिवस झाले, सकाळी तो माझी दोन ढोरं माझ्या हातून घेऊन जातो आणि जाताना "बाई, पानी पाजला का यायले?" एवढंच विचारतो. तोपर्यंत थांबता येणार नाही.

उद्या सकाळी चौकात ढोरं जमतील, सगळे असतील, चैतरामही असेल. तेव्हाच छोटेलाल टपाल न्यायला येतो. हे आंतरदेशीय मी चिकटवलेलं नाही. त्याला सांगणार आहे, आधी वाच, मग पाठव.

तुझी वहिनी,
अन्नपूर्णा